पुराणातली वांगी, परसातली वांगी

'पुराणातली वांगी पुराणात' ही म्हण मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. पुराणिकबुवा देवळात चातुर्मासातील वर्ज्यावर्ज्याचे निरूपण करतात आणि वांगे खाणाऱ्याची पुढे काय गत होते ते रंगवून सांगतात. श्रोत्यांत बसलेली त्यांची पत्नी धास्तावते, लगबगीने घरी जाते आणि चिरायला काढलेली वांगी उकिरड्यावर टाकून देते. जेवायला बसलेले बुवा पानात भाजी नाही हे पाहून चिडतात आणि म्हणतात, अगं, ती पुराणातली वांगी वेगळी, घरातली वेगळी! उक्ती आणि कृती यांतील अंतराचा दाखला म्हणून ही कथा आम्ही दोघांनीही वर्गात अनेकदा सांगितली आहे. (आम्ही दोघेही बीडला मराठी शिकवतो, आणि एकाच घरात राहतो.) मात्र इतकी वर्षे सांगूनही एक साधा प्रश्न आम्हांला पडला नव्हता: बुवांच्या घरात ती वांगी आली कोठून? भर पावसाळ्यात बाजारातून विकत आणली असतील असे वाटत नाही. ती परसातली असणार. बुवांनी पोथीतून जे उच्चाटन मांडले होते, ते त्यांच्याच न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसत होते.

हा प्रश्न पडायला निमित्त झाले एका बियांच्या पाकिटाचे. परदेशी असलेल्या एका नातेवाइकाने कुंडीत लावण्यासाठी म्हणून ते आणून दिले. पाकिटावर गुडघ्याएवढ्या झुडपाचे आणि त्यावर लगडलेल्या बोटभर वांग्यांचे चित्र होते, आणि नाव होते 'पॅटिओ बेबी'. घरातल्या थोरल्या बाईंनी, म्हणजे आमच्यापैकी एकाच्या आईंनी व दुसरीच्या सासूबाईंनी, ते चित्र चष्मा पुसून पाहिले आणि म्हणाल्या, "हे तर आपलं डब्यातलं वांगं हाय की. ह्याला पैसे मोजले व्हय?" त्यांच्या या एका वाक्याने आम्हांला कोश, पोथ्या आणि शेतकी पुस्तके धुंडाळायला लावली. त्यातून जे हाती आले ते येथे मांडत आहोत.

आरंभ शब्दापासून करणे आमच्या पेशाला धरून होईल. संस्कृतात या फळाला वार्ताक, वृन्ताक, भण्टाकी, वातिंगण अशी नावे आहेत. 'वृन्त' म्हणजे देठ. वांग्याचा काटेरी, टोपीसारखा देठ ज्याने पाहिला आहे त्याला वृन्ताक हे नाव कोणी ठेवले असेल याची कल्पना करता येते. ते ठेवणारा फळ हातात धरून तोडणारा माणूस असावा. 'वातिंगण' या रूपापासून हिंदीतील बैंगन आणि आपले वांगे यांची वाट निघते. तोच शब्द फारसीत बादिंगान झाला, अरबीत अल-बादिंजान झाला आणि अरबांबरोबर स्पेनला गेला. तेथून फ्रेंचांचे ओबर्जिन झाले, पोर्तुगीजांचे बेरिंजेला झाले. पोर्तुगीज तो शब्द घेऊन परत हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरले आणि त्यातून इंग्रजी अमदानीतील 'ब्रिंजल' जन्मले. म्हणजे आपल्याच परसातून निघालेला शब्द अर्धे जग फिरून आपल्याकडे आला, आणि आपण त्याला साहेबाचा शब्द म्हणून शाळेत पाठ केले. इटालियनांनी त्याला मेलांझाना म्हटले आणि पुढे लोकांनी त्याची फोड 'वेडे सफरचंद' अशी लावली. वांगे खाल्ल्याने वेड लागते ही समजूत युरोपात दीर्घकाळ होती. आपल्या पुराणिकबुवांना तिकडेही सहकारी होते म्हणायचे.

फळ शब्दाहून पुष्कळ जुने. हरियाणातील फरमाणा या हडप्पाकालीन स्थळी मडक्यांवर आणि मानवी दातांवर चिकटून राहिलेल्या पिष्टकणांच्या तपासणीत आले व हळद यांच्याबरोबर वांग्याचेही कण ओळखले गेले. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी कोणीतरी आले, हळद आणि वांगे एका भांड्यात शिजवले असण्याची ही शक्यता! इतिहासाने राजांच्या वंशावळी जपल्या. ती भाजी मात्र एका न घासलेल्या मडक्याने जपून ठेवली. चीनमध्ये सहाव्या शतकातील जिया सिश्ये याच्या कृषिग्रंथात वांग्याचे बी कसे धरावे आणि रोप कसे लावावे याची माहिती आली आहे.

आपल्या मुलखाजवळ यायचे तर कल्याणीच्या चालुक्यांकडे यावे लागते. ज्या काळी आजचा बीड जिल्हा त्यांच्या राज्यात मोडत होता, त्या काळी, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात वांगी पोखरून त्यांत मसालेदार खिमा भरून तळण्याचा प्रकार सांगितला आहे. भरल्या वांग्याच्या घराण्याचा मूळपुरुष शोधणाऱ्याने येथे थांबायला हरकत नाही. मात्र सध्याची भरली वांगी तीच, असे म्हणू नये. आज आपण ज्या शेंगदाण्याच्या कुटावाचून आणि तिखटावाचून भरल्या वांग्याची कल्पनाही करू शकत नाही, ते शेंगदाणे आणि ती मिरची दोन्ही अमेरिका खंडातून, पोर्तुगीजांच्या आगमनानंतर आपल्याकडे आली. बीडसह सगळा मराठवाडा १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबादी बघारे बैंगन आणि मराठवाडी भरली वांगी शेजारी शेजारी ठेवून खाल्ली तर तीळ, शेंगदाणा आणि चिंच यांचे नाते जिभेला लगेच उमगते. १८७५ सालच्या 'सूपशास्त्रा'पासून १९७० सालच्या 'रुचिरा'पर्यंत मराठी पाकपुस्तकांची परंपरा शंभर वर्षांची आहे. पण वांग्याची मराठवाडी रीत शिकायची तर अजूनही चुलीपाशी उभे राहावे लागते.

सोळाव्या शतकातील भावप्रकाश या वैद्यकग्रंथात वांग्याच्या गुणदोषांची चर्चा करताना पांढऱ्या वांग्याचा वेगळा उल्लेख येतो, आणि ते कोंबडीच्या अंड्यासारखे दिसते असे वर्णन येते. हे वाचताना आम्ही थबकलो, कारण याच साम्यावरून दोनशे वर्षांनी इंग्रजीत 'एगप्लांट' हे नाव पडले. अठराव्या शतकात इंग्रजांनी पाहिलेली वांगी पांढरी, लहान, अंड्याएवढी होती. भावमिश्राचे पान त्यांनी वाचलेले नव्हते. दोन दूरच्या माणसांनी एकच फळ पाहिले आणि दोघांना एकच उपमा सुचली. उपमा शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी कालिदास देतो. यापुढे वांगेही द्यावे म्हणतो.

त्याच इंग्लंडातून कुंडीतल्या वांग्याच्या इतिहासाचा एक धागा निघतो. जॉन जेरार्ड या वनस्पतिज्ञाने १५९७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या 'वेड्या सफरचंदा'ची नोंद केली. तिकडे झाड वाढे, फुले, पण फळ धरून मोठे होते न होते तोच थंडी येई. वांग्याला ऊब लागते, धुके आणि हिमकण त्याला मानवत नाहीत. म्हणून ते काचघरात, कुंडीत, हलवता येईल असे ठेवणे भाग पडले, आणि दीर्घकाळ खाण्यापेक्षा शोभेसाठीच ठेवले गेले. युरोपात वांगे कुंडीत गेले ते थंडीमुळे. आपल्याकडे ते डब्यात आले त्याची कारणे सर्वस्वी वेगळी आहेत, आणि ती पाहण्यासाठी बीडच्या मातीकडे, त्याहून अधिक बीडच्या पाण्याकडे वळले पाहिजे.

बीड शहराजवळची खजाना विहीर पुष्कळांनी पाहिली असेल. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या निजामशाहीत, सलाबतखानाच्या कारकिर्दीत राजा भास्कर या स्थापत्यकाराने ती बांधली असे सांगतात. विहिरीतले पाणी मोटेने उपसावे लागत नाही. जमिनीखालच्या दगडी नहरीतून ते उताराने वाहत बलगुजार भागातल्या शेतमळ्यांना मिळते. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी चारशे वर्षे चालत आलेली ही जलव्यवस्था पाहताना अभिमान वाटतो, आणि त्याच वेळी एक भेदही ध्यानात येतो. नहरीच्या पाण्यावर 'माळवं' पिकवणे हे मळेकऱ्यांचे काम. (आमच्याकडे भाजीपाल्याला माळवं म्हणतात.) ज्याच्याकडे नहर नाही, विहीर नाही, त्याच्या घरचे माळवे परसात व्हायचे, तेही सांडपाण्यावर. न्हाणीचे पाणी एका चारीने बाहेर काढायचे. चारीच्या तोंडाशी अळू, पुढे केळ असली तर केळ, आणि जेथे पाणी ओलाव्यापुरतेच उरते तेथे वांग्याची दोन-चार झाडे, असा तो क्रम. वांगे शेवटी, कारण ते सोशिक. त्याची मुळे खोल जातात, दोन दिवस पाणी चुकले तरी ते माना टाकते पण मरत नाही, आणि सायंकाळी तांब्याभर पाणी मिळाले की सकाळी पुन्हा उभे असते.

सावता माळ्याचे अरणगाव बालाघाटाच्या पलीकडे, सोलापूर जिल्ह्यात. मळ्यातल्या भाजीत पांडुरंग पाहणाऱ्या या संताला आपल्या साहित्येतिहासाने मोठे स्थान दिले आणि ते योग्यच आहे. पण मळा हा पुरुषांचा. मोट, नांगर, बाजार, पट्टी हे सारे त्याच्या भोवती येते. परस बाईचे. मळ्याला अभंग मिळाला, सातबारा मिळाला. परसाच्या वाट्याला यांपैकी काही आले नाही. आमच्या भाषेने 'परसाकडे जाणे' या शब्दप्रयोगाला जो अर्थ दिला आहे तोच पाहा ना. घराची मागची बाजू ती, तिचा इतिहास कोण लिहिणार?

आता चातुर्मासाकडे वळू. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. त्या दिवशी कांदा-वांगे पोटभर खाऊन घ्यायचे आणि एकादशीपासून बंद करायचे. ही बंदी उठते मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, जेव्हा खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगा यांचा नैवेद्य दाखवला जातो. बीडच्या खंडोबाच्या देवळापुढे दोन उंच दीपमाळा आहेत. चंपाषष्ठीच्या दिवशी त्यांच्या पायथ्याशी भाजलेल्या वांग्याचा वास येत नसेल तर दिवस चुकला समजावे. पुढे महिन्याभरात भोगी येते आणि बाजरीच्या भाकरीबरोबर वांगी, गाजर, पावटा, हरभरा यांची मिसळीची भाजी होते. ज्या फळाला साडेचार-पाच महिने अस्पृश्य ठरवले, त्याच्या पुनःप्रवेशासाठी थेट देवाचा नैवेद्य राखून ठेवला, ही योजना आम्हांला फार रम्य वाटते.

या बंदीचे 'शास्त्रीय कारण' सांगण्याची हल्ली हौस आहे. पावसाळ्यात वांग्यात अळी फार होते म्हणून पूर्वजांनी ते वर्ज्य केले, असे सांगितले जाते. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी उबदार दमट हवेत जोर धरते व थंडीत तिचा उपद्रव कमी होतो, हे खरे. पण मग कांद्याचे काय? कांद्यात तर ही अळी नसते. धर्मशास्त्राने जे वर्ज्य केले त्याच्यामागे प्रयोगशाळा उभी करण्याची घाई करू नये, असे आमचे मत आहे. व्रताला व्रताचे तर्कशास्त्र असते. मात्र परसातल्या बाईचे निरीक्षण वेगळ्या मार्गाने त्याच महिन्यांपाशी पोचले असेल, एवढे म्हणता येते. मृगाच्या पावसावर टाकलेले बी, आषाढ-श्रावणात लावलेले रोप आणि दसरा-दिवाळीपासून धरणारी फळे हा वांग्याचा खरिपाचा क्रम आहे. चातुर्मास म्हणजे झाडाची वाढ होण्याचा काळ. झाड वाढत असताना त्याच्याकडे फळ मागू नये, असा त्याचा एक अर्थ आम्ही आपला मनाशी लावून ठेवला आहे; तो शास्त्रार्थ नव्हे.

आणि येथेच बीड जिल्ह्याची एक वेदना या झाडापाशी येऊन थांबते. परसातले वांगे ज्या सुमारास फळू लागते, नेमक्या त्याच सुमारास गावे रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, ज्यांना 'एक कोयता' म्हणून मोजतात, दसरा-दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या उसाच्या फडांवर निघतात आणि उन्हाळा लागताना परततात. घरी उरतात म्हातारी माणसे आणि शाळेची मुले. ज्या बाईने रोप लावले ती चंपाषष्ठीला फडातल्या पाचटाच्या कोपीत असते. वाकलेल्या म्हातारीला चारीपर्यंत जाऊन वाफा खुरपणे होत नाही. तिला झाड हवे ते ओट्याला लागून, हाताशी, बसल्या जागेवरून तांब्या ओतता येईल असे. जी गोष्ट परदेशी पाकिटावर 'छोट्या जागेसाठी' म्हणून छापलेली असते, ती आमच्या तांड्यावाड्यांवर म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांसाठी कधीच ठरून गेलेली होती.

डबा हे या इतिहासातील दुसरे पात्र. पूर्वी फुटकी घागर, काठ गेलेला रांजण, तुळशीच्या ओट्याच्या कडेची मातीची ढेप यांत एखादे झाड असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रॉकेलचे चौकोनी पत्र्याचे डबे देशभर पसरले. १९३७ साली डालडा बाजारात आला आणि त्याचाही डबा घरोघर गेला. तूप संपले की डब्यात धान्य, धान्याला गंज लागू लागला की डब्यात माती, आणि मातीत मिरची, तुळस किंवा वांगे; पत्र्याच्या डब्याची अशी चार आश्रमांची व्यवस्था होती. खिळ्याने तळाला पाच-सहा भोके पाडायची, खाली खापराचे तुकडे, वर निम्मी काळी माती आणि निम्मे कुजलेले शेणखत. डबा एक, झाड एक; दुसरे लावण्याचा मोह झाला की दोन्ही जातात.

मात्र डबा जमिनीवरच राही, वर जात नसे. याचे कारण आमच्या घरांच्या बांधणीत आहे. मराठवाड्यातली जुनी घरे माळवदाची, म्हणजे लाकडी सरांवर पांढरी माती थापलेल्या सपाट छताची. माळवदावर पापड-कुरडया वाळवाव्यात, उन्हाळ्यात झोपावे. पण पाणी सांडलेले चालत नसे, ओल मुरली की छत गळायला आणि सर कुजायला आरंभ. माळव्याला माळवदावर जागा नव्हती! छतावर कुंडी चढली ती सिमेंटच्या स्लॅबनंतर. शहरी गच्चीवरच्या शेतीला मराठीत वैचारिक बैठक दिली ती कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी. ते गणिताचे प्राध्यापक. पानावर पडणारे ऊन हेच खरे भांडवल, माती ही वाढवता येते, असा त्यांचा हिशेब होता. 'विपुलाच सृष्टी' हे त्यांच्या पुस्तकाचे नावच त्यांची भूमिका सांगते. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडांवर, पिशव्यांत आणि पिंपांत भाजी पिकवून दाखवली. २००२ सालापासून मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. जो ऊस तोडायला आमचा जिल्हा जातो, त्याच उसाच्या चिपाडावर मुंबईच्या गच्चीत वांगे पिकते, हे वाचून आम्ही दोघे काही काळ बोललो नाही.

वांग्याच्या अलीकडच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला प्रसंगही आमच्या शेजारीच घडला. जालन्याच्या महिको कंपनीने जमिनीतल्या एका जिवाणूचे जनुक घालून अळीला मारक ठरणारे बीटी वांगे तयार केले. १४ ऑक्टोबर २००९ रोजी जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने त्याला संमती दिली. त्यानंतर केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी देशातील सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यांत आपल्याकडील नागपूर होते, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी या वांग्याला स्थगिती दिली. बांगलादेशाने २०१३ साली त्याच वाणाच्या तंत्राला परवानगी दिली. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आम्ही त्या काळी वाचले होते. अळीसाठी एका हंगामात अनेकदा विष फवारणाऱ्या शेतकऱ्याची अडचण खोटी नव्हती. वांग्याचे मूळ घर असलेल्या देशात त्याच्या शेकडो गावठी वाणांत नवे जनुक मिसळेल ही भीतीही खोटी नव्हती. त्या वादात मांजरीचे गोल वांगे, जळगावचे भरिताचे वांगे, कृष्णाकाठचे वांगे अशी नावे लोकांच्या तोंडी आली. जळगावच्या भरिताच्या वांग्याला पुढे २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परसातल्या डब्यातल्या वांग्याला मात्र नाव नव्हते, आणि ज्याला नाव नाही त्याची नोंद कोण करणार? ते मेले तरी कळत नाही.

आमच्या घरचे असेच मेले. आईंनी ते बी माहेराहून, आष्टी तालुक्यातल्या एका गावाहून आणले होते. झाड कमरेखाली राहणारे, देठाला बारीक काटे, फळ लिंबापेक्षा थोडे मोठे, जांभळ्यावर पांढरे पट्टे. दरवर्षी एक फळ त्या झाडावरच ठेवीत, तोडायचे नाही हे सर्वांना कळावे म्हणून त्याला चिंधी बांधीत. ते पिवळे पडून मऊ झाले की बी धुऊन, राखेत घोळवून, पुरचुंडी करून फडताळात. २०१५-१६ च्या दुष्काळात मांजरा आणि माजलगाव ही धरणे तळाला गेली, नळाला पाणी येईना, टँकरच्या पाण्यात सांडपाणी म्हणून काही उरेनाच. त्या वर्षी फळ धरले नाही. फडताळातली मागची पुरचुंडी दोन वर्षांनी पेरली, तर एकही उगवले नाही. त्या वेळी आम्ही दोघांनी त्यांना हसून बाजारातल्या बियाचे पाकीट आणून दिले होते, हे येथे लिहिले पाहिजे. म्हणींचा अर्थ शिकवणाऱ्यांना एका पुरचुंडीचा अर्थ लागला नाही.

अमेरिकेतील बीजनिवडीच्या एका नामांकित स्पर्धेत २००५ साली 'फेअरी टेल' या बुटक्या वांग्याला पारितोषिक मिळाले, २०१४ साली 'पॅटिओ बेबी'ला मिळाले. ही झाडे सुरेख आहेत, आम्ही लावून पाहिली. दीड-दोन फुटांचे झाड, झुपक्याने फळे, काटे जवळपास नाहीत. पण ती संकरित आहेत. त्यांच्या फळातले बी धरले तर पुढच्या वर्षी झाड तेच येईल याचा भरवसा नसतो. चिंधी बांधण्याला त्यात अर्थ नाही. दरवर्षी नवे पाकीट.

वांगे कुंडीत लावताना आईंकडून जे शिकलो ते पुस्तकांशी ताडून पाहिले. रोप चार-पाच पानांचे झाल्यावरच हलवायचे, तेही संध्याकाळी. जेथे आदल्या वर्षी टोमॅटो किंवा मिरची होती ती माती घ्यायची नाही, कारण तिघांचे कूळ एक आणि रोगही एकच. पाने बारीक होऊन गुच्छ धरू लागली की ते झाड माया न करता उपटायचे; तुडतुड्यांमार्फत तो रोग शेजारी जातो. कोमेजून खाली वळलेला शेंडा अळीसकट खुडून जाळायचा. सकाळी दवात पानांवर चुलीची राख. फुले पुष्कळ येतात आणि गळतात, याने नवखा माणूस घाबरतो. वास्तविक ज्या फुलाचा मधला तंतू आखूड तेथे फळ धरतच नाही, लांब तंतूच्या फुलालाच धरते. वांग्याचा पराग नुसत्या वाऱ्याने सहजी सुटत नाही, भुंग्याच्या गुणगुणीने फूल थरथरले तर सुटतो. गच्चीवर भुंगे कमी. आई सकाळी नऊच्या सुमारास जाऊन फुलांच्या देठावर टिचकी मारतात. पुस्तकात हे वाचून आम्ही त्यांना सांगायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "मग मी इतके दिवस काय करत्येय?"

गेल्या वर्षी आष्टीकडच्या त्यांच्या एका भाचीने निरोप पाठवला की तिच्या आईला पूर्वी दिलेले बी त्यांच्या ओट्यावर अजून चालू आहे. ती माणसे कारखान्यावर जातात. झाड सांभाळते त्यांची आजी. ज्येष्ठात पुरचुंडी आली. सात रोपे उगवली, चार जगली; दोन डब्यांत, दोन रंगाच्या रिकाम्या बादल्यांत. कार्तिकात फळे लागली. जांभळ्यावर पांढरे पट्टे आहेत. पण दोन झाडांची फळे लांबट निघाली. वांग्यात मधमाशी-भुंग्यांमुळे काही प्रमाणात परपरागण होते, मधल्या वर्षांत शेजारच्या मळ्यातल्या वांग्याशी संकर झाला असणार. आईंनी चारही झाडांचे एकेक फळ भाजून चाखले. गोल फळांच्या एका झाडावर त्यांनी चिंधी बांधली. तेच आहे का, असे विचारले तर त्या म्हणाल्या, "अजून एक साल बघू."